एका बुधवाराच्या बाजूने

जर्मनीतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज नोव्हेंबर महिन्यातला एक बुधवार प्रायश्चित्त आणि प्रार्थना यांसाठी राखून ठेवतो. ‘बूस उंड बेटटाग’ या नावाने ओळखला जाणारा हा दिवस १९९५ साली सॅक्सनीचा अपवाद सोडून त्या देशातील सर्व राज्यांनी आपल्या सुट्यांच्या यादीतून काढून टाकला. तो काढताना जे युक्तिवाद पुढे आले, ते आजही थोड्याफार फरकाने तिकडे केले जातात, आणि धर्माचा विषय निघाला की आपल्याकडच्या सुशिक्षितांच्या तोंडीही तेच असतात. त्या युक्तिवादांचा परामर्श घेणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच बळाने मांडावे आणि मग खोडावे, ही आपल्या शास्त्रकारांची रीत उत्तम असल्यामुळे तिलाच अनुसरतो.

पूर्वपक्ष असा. पश्चात्ताप ही अंतःकरणात घडणारी गोष्ट असल्यामुळे ती पंचांगात नेमून देता येत नाही. ज्याला आपल्या दुष्कृत्याची टोचणी लागली असेल त्याने आपल्या खोलीचे दार लावून परमेश्वराशी काय बोलायचे ते बोलावे, असे खुद्द ख्रिस्तानेच पर्वतावरील प्रवचनात सांगितले असताना अवघ्या राष्ट्राने ठरावीक बुधवारी पश्चात्तापदग्ध व्हावे ही अपेक्षा धर्माला धरून नाही, मग नागरिकशास्त्राला धरून कोठून असणार? शिवाय हा दिवस श्रद्धाळूंच्या हृदयातून उगवलेला नाही, तो राजेरजवाड्यांच्या फर्मानांतून आलेला आहे. आणि अखेरचा, व्यवहारी माणसाला सर्वांत पटणारा मुद्दा असा की, चर्चमध्ये त्या दिवशी फारसे कोणी जात नव्हते, आणि सुटी रद्द करून जे हाती आले ते वृद्धांच्या व अपंगांच्या शुश्रूषेच्या विम्यासाठी कामी लागले; तेव्हा एका ओस पडलेल्या सणाच्या बदल्यात असहायांची सेवा घडली, यात कोणाची काय हानी झाली?

या म्हणण्यात तथ्यांश आहे, आणि तो पुढे कबूल करीनच. परंतु ज्या दिवसाविषयी वाद आहे तो दिवस नेमका काय आहे, हे मराठी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असण्याचे कारण नसल्यामुळे आधी त्याची ओळख करून देणे प्राप्त आहे.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथॉलिक घरांतून जो राखेचा बुधवार पाळला जातो, ज्या दिवशी मागील वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळी लावून चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला आरंभ होतो, त्याहून हा बुधवार अगदी वेगळा आहे. तो येतो १६ ते २२ नोव्हेंबरच्या दरम्यान, चर्चच्या वर्षाच्या अगदी शेवटी, मृतांचे स्मरण करण्याच्या रविवारापूर्वी, आणि नाताळच्या पूर्वतयारीचा आगमनकाळ सुरू होण्यास अकरा दिवस उरले असताना. या दिवशी राख नसते, मिरवणूक नसते, घरोघरी करावयाचे असे एखादे ठरीव पक्वान्नही नसते. वेदीवर जांभळे वस्त्र घातले जाते, सारी मंडळी एका स्वराने पापकबुली उच्चारतात, पुष्कळ ठिकाणी त्यानंतर प्रभुभोजनाचा विधी होतो, आणि त्या दिवसासाठी नेमलेली शास्त्रवचने वाचली जातात. पाहण्यासारखे, खाण्यासारखे किंवा विकत घेण्यासारखे त्यात काहीच नसल्यामुळे बाजारपेठेला या दिवसाचा कधी उपयोग करून घेता आला नाही. आणि जेव्हा तो हिरावून घेण्याची वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूने रदबदली करणारा एकही हितसंबंध उभा राहिला नाही, याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते.

ही वचने कोणती हे पाहण्याजोगे आहे. लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचा आरंभ या दिवशी वाचला जातो. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती, आणि ज्यांच्यावर संकट कोसळते ते इतरांपेक्षा अधिक पापी असले पाहिजेत असा लोकांचा सोयीस्कर समज होता. येशू तो समज साफ नाकारतो आणि श्रोत्यांनाच विचारतो की, जेरुसलेमात राहणारे तुम्ही बाकीचे त्या अठरांपेक्षा कमी दोषी आहात असे तुम्हांस वाटते काय? त्यालाच जोडून येतो तो फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला: मालक झाड तोडावयास सांगतो आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्यायही या दिवसाला जोडलेला आहे, आणि त्यात दुसऱ्याचा न्याय करणाऱ्याला तू स्वतः तेच करतोस अशी थेट ताकीद दिलेली आहे. म्हणजे या दिवसाची सारी रचना अशी की, बोट जे दुसऱ्याकडे वळावयाचे ते वळून स्वतःकडे यावे, आणि तसे ते आले तरी माणसाने हताश न होता उरलेल्या मुदतीत काही करावे.

आता त्याच्या जन्माविषयी. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सांगण्यावरून, तुर्कांच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून, १५३२ साली स्ट्रासबुर्ग येथे पहिला प्रॉटेस्टंट प्रायश्चित्तदिन पाळला गेला. पुढे युद्ध, साथ, दुष्काळ असे जे जे अरिष्ट आले त्या त्या वेळी निरनिराळ्या संस्थानिकांनी आपापल्या मुलखात असे दिवस जाहीर केले, आणि त्यांपैकी कित्येक वार्षिक होऊन बसल्यामुळे एका राज्याचा दिवस दुसऱ्याशी जुळेनासा झाला. १८५२ साली आयझेनाख येथील परिषदेने सर्वांसाठी एकच बुधवार सुचवला, प्रशियाने तो १८९३ पासून स्वीकारला, आणि १९३४ साली तो साऱ्या जर्मनीत कायदेशीर सुटीचा दिवस झाला. हे शेवटचे साल वाचकाने लक्षात ठेवावे, कारण तेव्हाच्या नाझी राजवटीशी या दिवसाची गाठ पुढे कशी पडली हे माझ्या प्रतिपादनाचे मर्म आहे.

पश्चात्ताप खाजगी असतो, या आक्षेपाचा विचार आता करू. ज्या वचनाचा आधार घेतला जातो ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील आहे, आणि कॅथॉलिक उपासनेत ते राखेच्या बुधवारीच, म्हणजे सर्वांच्या देखत कपाळाला राख लावण्याच्या दिवशीच, वाचले जाते. त्याच उपासनेत, त्याच्या आधी, योएल संदेष्ट्याची हाक वाचली जाते: रणशिंग फुंका, सभा भरवा, म्हाताऱ्यांना आणा, अंगावर पिणाऱ्या लेकरांना आणा, नवरदेवालाही त्याच्या दालनातून बाहेर बोलवा. ही दोन वचने एकमेकांना छेद देतात असे ज्यांना वाटते त्यांनी पहिल्या वचनातील निषेध कशाचा आहे ते पाहावे. लोकांनी वाहवा करावी म्हणून जो उपवासाने चेहरा उतरवून हिंडतो त्याचा तो निषेध आहे. वाहवा मिळण्यासाठी कोणीतरी वाहवा करणारा, म्हणजे स्वतः त्या कबुलीच्या बाहेर उभा असलेला, प्रेक्षक लागतो. ज्या सभेत तान्ह्या पोरापासून नवरदेवापर्यंत सर्वच जण आरोपीच्या जागी उभे आहेत तेथे असा प्रेक्षक उरत नाही, आणि म्हणून दांभिकतेला तेथे वाव सर्वांत कमी असतो.

याच आक्षेपाचे दुसरे, अधिक विद्वत्ताप्रचुर रूप म्हणजे ल्यूथरची साक्ष काढणे. १५१७ सालच्या आपल्या पंचाण्णव प्रमेयांपैकी पहिल्याच प्रमेयात श्रद्धावंताचे अवघे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे त्याने प्रतिपादन केले, तेव्हा त्याच्या अनुयायांना वेगळा दिवस कशाला हवा, असे विचारले जाते. परंतु नित्याचे कर्तव्य आणि नेमलेला दिवस यांत विरोध आहे हे गृहीतच चुकीचे आहे. प्रामाणिक कारकून रोजच्या रोज हिशेब लिहितो, तरी वर्षअखेरची दफ्तरतपासणी अनावश्यक ठरत नाही, कारण रोजची चूक रोजच्या डोळ्यांना दिसत नाही. ‘रोज करावयाचे’ म्हणून ज्या कामाला दिवस नेमून दिलेला नसतो ते काम बहुतेकांच्या हातून कधीच होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि ल्यूथरच्याच नावाने चालणाऱ्या चर्चांनी चार शतके हा दिवस पाळला तो त्याचे पहिले प्रमेय विसरल्यामुळे नव्हे.

येथे मराठी वाचकाच्या मनातील एक स्वाभाविक अडचण मला दिसते. प्रायश्चित्त म्हटले की त्याला आठवते ते १८९० मधील पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण. ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून टिळक, रानडे आणि इतर प्रतिष्ठितांवर ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, आणि रानड्यांसारख्या पुरुषाला अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली निघालेला चौथा खंड चाळला तर दिसते की, कोणत्या पातकाला कोणते कृच्छ्र आणि कोणते चांद्रायण, याचा किती सूक्ष्म विचार आपल्या स्मृतिकारांनी केला होता. त्या विचाराची थोरवी मला मान्य आहे. परंतु व्यवहारात त्याची दिशा नेहमी एकच राहिली: समाज न्यायासनावर बसलेला आणि व्यक्ती त्याच्यापुढे उभी. त्या अनुभवातून आलेल्या माणसाला सार्वजनिक प्रायश्चित्ताचा तिटकारा वाटला तर त्यात नवल नाही, आणि ‘हे ज्याचे त्याने पाहावे’ हे म्हणणे त्याला सुटकेसारखे वाटणार. नोव्हेंबरातील बुधवाराची दिशा नेमकी उलटी आहे. तेथे समाज स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उतरतो आणि कोणा एकालाही वेगळे काढून त्याच्या माथी दोष मारला जात नाही. पंचहौदच्या प्रकरणात जे घडले त्यावरचा तोडगा म्हणून प्रायश्चित्त खाजगी करून टाकणे मला अपुरे वाटते. ते समाजानेच समाजासाठी घ्यावे, हा खरा तोडगा आहे.

कारण काही पापे अशी असतात की ती खोलीचे दार लावून बसलेल्या एकाही माणसाला आपली वाटत नाहीत. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारो पुरुषांना पकडून छळछावण्यांत डांबले गेले. ही कृत्ये कोणी केली? आदेश पोचवणाऱ्या अधिकाऱ्याने फक्त आदेश पोचवला. अग्निशामक दल हजर होते, पण शेजारची घरे पेटू नयेत एवढेच पाहण्याचा त्याला हुकूम होता, आणि तो त्याने बजावला. रस्त्यावरच्या रहिवाशाने पडदा ओढून घेतला. यांपैकी प्रत्येक जण त्या रात्री एकांतात आपल्या सद्सद्विवेकाशी हिशेब करावयास बसला असता तर त्याच्या खात्यावर चोरी नव्हती, खून नव्हता, व्यभिचार नव्हता. त्याचे पान कोरे निघाले असते. जे पाप सर्वांनी मिळून वाटून घेतल्यामुळे कोणाच्याच वाट्याला आलेले दिसत नाही, त्याची कबुली खाजगी पश्चात्तापाच्या कक्षेत मावत नाही. ती कबुली देण्यासाठी ‘आम्ही’ असे म्हणणारी सभा लागते, आणि ती सभा भरण्यासाठी एक तारीख लागते.

आणि तारीख आली होती. त्या रात्रीनंतर अवघ्या आठवड्याने, १६ नोव्हेंबर १९३८ रोजी, प्रायश्चित्ताचा बुधवार होता. व्यूर्टेम्बर्गमधील ओबरलेनिंगेन नावाच्या खेड्यात युलियस फॉन यान हा एक्केचाळीस वर्षांचा पाळक होता. त्या दिवसासाठी नेमून दिलेले वचन यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायातले होते, ज्यात संदेष्टा आपल्या देशालाच तीनदा हाक मारून परमेश्वराचे शब्द ऐकावयास सांगतो. हे वचन फॉन यानने शोधून काढलेले नव्हते. दिवसाने ते त्याच्या पुढ्यात ठेवले होते, आणि ते वाचल्यावर गप्प बसायचे की बोलायचे एवढीच निवड त्याच्या हाती उरली होती. तो बोलला. इतरांना पवित्र असलेली देवाची मंदिरे जाळली गेली, परक्या लोकांची मालमत्ता लुटली गेली, निष्ठेने राष्ट्राची सेवा केलेल्या माणसांना केवळ त्यांच्या वंशासाठी छावण्यांत धाडले गेले, आणि याचा जाब देवापुढे द्यावा लागेल, अशा आशयाचे प्रवचन त्याने त्या खेड्यातल्या लोकांपुढे केले. २५ नोव्हेंबरला नाझी पक्षाच्या लोकांचा जमाव चालून आला, त्याला बेदम मारहाण झाली आणि मग तुरुंगात टाकण्यात आले. पुढील वर्षी श्टुटगार्टच्या विशेष न्यायालयाने त्याला सोळा महिन्यांची कैद सुनावली. त्याच बुधवारी बर्लिनच्या डालेम भागात, कैदेत असलेल्या पाळक मार्टिन नीम्योलरच्या जागी उभ्या राहिलेल्या हेल्मुट गोल्वित्सरनेही, अशा वेळी प्रवचन तरी कोणत्या तोंडाने करावे, असा प्रश्न मंडळींपुढे ठेवला. आणि त्या प्रवचनाने हललेल्या एलिझाबेथ श्मिट्झ या शिक्षिकेने आठवड्याभराने त्याला पत्र लिहिले. तिने १९३५ सालीच ज्यूंच्या छळाविषयी निवेदन लिहून चर्चने बोलावे असा आग्रह धरला होता, आणि या घटनेनंतर तिने शिक्षकी पेशाचा त्याग केला.

बहुसंख्य व्यासपीठे त्या दिवशी मूक राहिली, हे मला ठाऊक आहे, आणि फॉन यानच्या वरिष्ठांनीही त्याच्या पाठीशी ठामपणे उभे राहण्याचे टाळले. प्रतिपक्ष म्हणेल की, मग या दिवसाचा प्रभाव तो काय? माझे उत्तर असे की, त्या मौनाला आज आपण अपराध म्हणू शकतो ते त्या दिवसामुळेच. १७ नोव्हेंबरला, गुरुवारी, कोणी पाळक गप्प बसला असता तर त्याला कोणी जाब विचारला नसता. परंतु ज्या दिवशी बोलणे हेच नेमून दिलेले काम होते, त्या दिवशीचे मौन ही चुकवलेली हजेरी ठरते आणि इतिहासाच्या दफ्तरात तिची नोंद राहते.

हा दिवस राजांनी निर्माण केला, या दुसऱ्या आक्षेपातील तथ्यांश मी कबूल करतो, आणि त्याचा सर्वांत बोचरा पुरावा आपल्याच इतिहासातून देतो. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या इंग्लंडमध्ये राणीच्या जाहीरनाम्याने ७ ऑक्टोबर हा उपवास, नम्रता आणि प्रार्थना यांचा दिवस ठरवण्यात आला, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या प्रख्यात उपदेशकाचे प्रवचन ऐकण्यास २३,६५४ माणसे जमली. त्या प्रवचनात हिंदुस्थानातील सरकारच्या दोषांचा उच्चार होता, परंतु बंडखोरांना कठोर शासन व्हावे ही मागणीही होती, आणि देशभरच्या व्यासपीठांवरून सूडाची भाषा मोठ्या प्रमाणावर ऐकू आली. ज्यांनी स्वतःचा न्याय करण्यासाठी दिवस राखला त्यांनी तो दुसऱ्याचा न्याय करण्यात घालवला, हे त्या दिवसाचे उघड भ्रष्टीकरण होते. ते भ्रष्टीकरण आहे हे आपल्याला कशावरून कळते? त्याच दिवसाच्या मूळ कसोटीवरून. विजयोत्सवाच्या दिवशी शत्रूची निंदा झाली तर तिला कोणी विसंगत म्हणत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी ती झाली तर लहान मूलही ती विसंगती ओळखते. स्वतःच्याच कसोटीवर जो नापास ठरू शकतो तो दिवस निव्वळ राजाचे हत्यार नव्हे.

याची उलट उदाहरणेही तितकीच ठळक आहेत. अमेरिकेतील यादवी युद्ध ऐन भरात असताना लिंकनने ३० एप्रिल १८६३ हा राष्ट्रीय नम्रतेचा दिवस जाहीर केला, आणि त्या जाहीरनाम्यात, हे युद्ध म्हणजे आपल्या साऱ्या राष्ट्राच्या उन्मत्त पापांची शिक्षा तर नसेल, अशी शंका त्याने आपल्याच प्रजेपुढे ठेवली. युद्धात गुंतलेल्या राष्ट्रप्रमुखाने असे लिहावे, हे या दिवसाच्या साच्याखेरीज कोणत्या निमित्ताने शक्य झाले असते? रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ चा दिवस पाळावयास सांगताना गांधीजींनी त्याला जे रूप दिले तेही उपवासाचे, नम्रतेचे आणि प्रार्थनेचे होते. मुंबईकर त्या दिवशी चौपाटीवर समुद्रस्नानाला जमले. सरकारविरुद्धच्या लढ्याचा आरंभ आत्मशुद्धीने व्हावा ही गांधीजींची दृष्टी होती, आणि राजाच्या फर्मानाने मिरवणारा साचा प्रजेच्या हातीही तितकाच बळकट ठरतो हे तेथे दिसले.

पूर्व जर्मनीत १९६६ नंतर हा दिवस सुटीचा राहिला नाही, तरी चर्चने तो सोडला नाही. १९८० साली तेथील तरुणांनी दहा दिवसांचा शांतिप्रार्थनेचा काळ पाळला आणि त्याची समाप्ती प्रायश्चित्ताच्या बुधवारी केली. तलवारींचे नांगराचे फाळ करा, या बायबलमधील संदेशाचे जे चिन्ह त्या निमित्ताने छापले गेले ते पुढे हजारोंनी आपल्या बाहीवर शिवले, आणि सरकारने ते उसवावयास लावले. प्रतिपक्ष येथे म्हणेल की, सुटी नसतानाही दिवस जगला, तेव्हा सुटीची गरज ती काय. परंतु सरकारच्या मर्जीविरुद्ध जो दिवस पाळावा लागतो तो धैर्यवान मोजक्यांचाच होतो, आणि सामान्य माणसाने कामावरून रजा न घेता, कोणाची परवानगी न मागता, त्या सभेत येऊन बसावे, यासाठी कायद्याने राखलेला दिवसच लागतो. आज बहुतेक राज्यांत उपासनेसाठी कामावरून मोकळीक मागण्याचा हक्क आहे, बव्हेरियात शाळांना त्या दिवशी सुटी असते. परंतु मागून मिळणारी मोकळीक आणि सर्वांची असलेली सुटी यांत जे अंतर आहे तेच खाजगी आणि सार्वजनिक यांतले अंतर आहे.

राहिला जमाखर्चाचा प्रश्न. शुश्रूषाविमा १ जानेवारी १९९५ पासून सुरू झाला. पगाराच्या एक टक्का एवढी वर्गणी ठरली, निम्मी मालकाने आणि निम्मी कामगाराने भरावयाची. मालकांच्या वाट्याला आलेल्या बोजाची भरपाई म्हणून राज्यांनी एक सुटी रद्द करावी असे ठरले, आणि सदैव बुधवारी येणारा, म्हणून दर वर्षी एक कामाचा दिवस हमखास देणारा हा सण निवडला गेला. सॅक्सनीने तो राखला, आणि त्याची किंमत म्हणून तेथील कामगार आजही मालकापेक्षा अधिक वर्गणी भरतात. वृद्धांची आणि अपंगांची सेवा ही राष्ट्राची जबाबदारी आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु त्या जबाबदारीसाठी इतर हजार बाबींतून रक्कम उभी करता आली असती, आणि एक टक्क्याचा तो दर आज तिपटीच्या वर गेला आहे. म्हणजे दिवस गेला तो गेला, आणि बोजा वाढावयाचा तो वाढलाच. हा दिवस याआधीही दोनदा श्रमासाठी हिरावला गेला होता. १९३९ साली युद्धाच्या उत्पादनासाठी तो रविवारावर ढकलण्यात आला, आणि पूर्व जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याच्या योजनेत तो गेला. लोकशाही मार्गाने झालेल्या १९९५ च्या निर्णयाची मी त्या राजवटींशी बरोबरी करीत नाही. ती अन्यायाची होईल. परंतु तीन अगदी भिन्न राज्यपद्धतींना दिवस हवा झाला की याच दिवसावर नजर जावी, यावरून त्याचा बचाव करणारा बलवान असा कोणी नसतो हे सिद्ध होते, आणि म्हणूनच तो बचाव लेखी करणे मला आवश्यक वाटले.

चर्चमध्ये कोणी जात नव्हते, म्हणजे हा दिवस कोणाला नकोच होता, हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातील चर्चने सह्या गोळा करून १९९७ साली हा प्रश्न लोकमतास टाकला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांनी सुटी परत मिळावी म्हणून कौल दिला. एकूण मतदारांच्या चतुर्थांशाची अट पुरी न झाल्यामुळे तो कौल निष्फळ ठरला, एवढेच.

दिवस काढून टाकल्यावर त्याच्या जागी काय येते, याचे उदाहरण मॅसॅच्युसेट्सने घालून दिले आहे. तेथे वसाहतकाळापासून दर वसंतात राज्यपाल उपवासाचा दिवस जाहीर करीत. १८१३ साली मुंबईत येऊन मराठीत धर्मप्रचार आरंभणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी याच परंपरेत वाढलेले होते. १८९४ साली तो दिवस रद्द झाला आणि त्याच्या जागी देशभक्तांचा दिवस आला. देशभक्तीचे स्मरण करण्यास माझी हरकत नाही. प्रत्येक राष्ट्राच्या पंचांगात अभिमानाचे दिवस विपुल असतात, आमच्याही आहेत. स्वतःच्या अपराधाची कबुली देण्यासाठी राष्ट्राने राखलेले दिवस मात्र जगात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि त्यांतला एक अभिमानाच्या दिवसासाठी किंवा वर्गणीच्या अर्ध्या टक्क्यासाठी देऊन टाकणे हा सौदा मला कोणत्याही हिशेबाने परवडणारा दिसत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा: १९९५ चा निर्णय चुकीचा होता. जर्मनीत सुट्यांचा कायदा राज्यांच्या अखत्यारीतला असल्यामुळे तो फिरवण्यास उरलेल्या पंधरा विधिमंडळांपैकी कोणालाही बर्लिनच्या परवानगीची गरज नाही. कायद्यातील एक ओळ पुन्हा घालणे एवढेच त्यासाठी पुरेसे आहे, आणि ती घालावी अशी विनंती करणाऱ्या तेथील नागरिकांच्या बाजूने मी उभा आहे.